मोठ्या छातीचा मान

आमच्या घरात माणसाला आधी जोखतात आणि मग त्याच्या हातात सनई देतात. माझा आजा दरवाजाएवढा होता आणि सनई अशी वाजवायचा की मेंढरं चरायची थांबायची, असं सांगतात. मेंढरांना कुणी विचारलेलं नाही. पण तेव्हापासून घरात एक गोष्ट ठरून गेली. छाती मोठी तर वारा मोठा, आणि वारा मोठा तर सूर लांब.

म्हणून मी, धनाजी, लहान असतानाच आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला विट्याला तालमीत घातलं. कुस्तीसाठी नव्हे, फुगवण्यासाठी. दूध, तूप, बदाम, खारका, वर मटणाचा रस्सा. पैलवान खातो आणि जोर काढतो. मी खायचो आणि सनई घेऊन बसायचो. आज मी सव्वाशे किलोचा आहे. पायात चप्पल कुठली घातलीय, ते मला बायको सांगते. रात्री उताणं झोपलं की माझंच पोट माझ्या उरावर बसतं. वाटतं, ह्या देहात मला कोंडून कुणीतरी बाहेरून कडी लावून गेलंय.

बाकी गावांत धनगरांच्या गजी नाचाला सनईवाले बाहेरून येतात. आमच्या वाडीत सनई आमच्याच भावकीत. जत्रेला बिरोबाची पालखी ओढ्यापासून देवळापर्यंत येते. सगळा चढ, आणि तेवढ्या वाटेत सनईची चाल तुटायची नाही. गालात वारा साठवायचा, तो नळीत सोडता सोडता नाकानं नवा घ्यायचा. चाल तुटली तर पालखी तिथंच टेकवायची आणि सनईचा मान चुलत्याच्या घरात जायचा, म्हणजे धुळाकडं. धुळा माझा चुलत भाऊ. मान त्याच्या घरात नव्हता म्हणून त्याला कुणी खुराक दिला नाही. सदरा काढला तर बरगड्या मोजून घ्याव्यात. तो माझ्या शेजारी उभा राहून आपल्या सनईवर नुसता एक सूर धरतो.

यंदा चाल तुटावी, असं मला मनापासून वाटत होतं. कारण अमृत. माझा पोरगा, आईवर गेलेला, सडपातळ, पळायला चपळ. आबांनी सांगून टाकलं होतं, "जत्रा नीट पार पडू दे. सोमवारपास्नं अमृतचा खुराक सुरू. मान त्येला फुडं न्यायचाय." मान गेला असता तर पोरगा सुटला असता.

मी त्याआधी सांगलीला छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं. मी फुंकलं, तसं त्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "फुप्फुसं चांगली आहेत हो, पण पोट त्यांना फुगायला जागाच देत नाही. उंच माणसाला थोडा फायदा असतो. जाड माणसाला कसला आलाय?" हे मी आबांना जसंच्या तसं सांगितलं.

"त्यो डॉक्टर सनई वाजवतो का?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग गप बस."

माझी बायको स्वप्नाली मात्र गप बसणारी नव्हे. जत्रेच्या सकाळी माझा फेटा सारखा करत म्हणाली, "आवं, यंदा तुटू द्या. मामांचं ऐकून तुमचं काय झालं ते बघतीया मी. माझ्या पोराचं न्हाई हू देणार."

"तोडतो," मी म्हणालो. "बिरोबाची आण."

ढोल लागले, भंडारा उधळला. सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आमची माणसं मोबाईल वर करून उभी. मी चाल धरली. पण एकदा चाल लागली की बोटं माझं ऐकत नाहीत. चिंचेपाशी तोडू म्हटलं, चिंच मागं पडली. पारापाशी तोडू म्हटलं, पार मागं पडला. आबा पालखीपुढं हात जोडून उलटे चालत होते, माझ्याकडे बघत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अशा बापाला चारचौघांत कसं तोंडघशी पाडायचं? मी स्वतःला शिव्या दिल्या आणि वाजवत राहिलो.

देवळाखालच्या शेवटच्या चढाला मात्र ठरवायची गरजच उरली नाही. नाकानं ओढलेला वारा खाली उतरेना. डोळ्यांपुढं अंधारी आली. गाल फुगलेले, सनई तोंडात, आणि तिच्यात वारा नाही. मला एवढा आनंद झाला की काय सांगू! सुटलो. माझा पोरगा सुटला. आता पालखी टेकेल.

पालखी टेकली नाही. चाल चालूच होती. मान वळवून पाहिलं, तर धुळानं आपला सूर सोडून माझी चाल उचलली होती, जिथं पडली नेमकी तिथून. ढोलांच्या दणक्यात सूर गेलेला कुणाला कळणार? लोक माझ्या गालांकडे बघत होते. त्या काटकुळ्या माणसानं उरलेला सगळा चढ एका दमात काढला, वर मला डोळा मारला. मान त्याच्या घरी चालत आला होता, आणि ह्या येड्यानं तो माझ्यासाठी दारातून परत पाठवला.

देवळापुढं आबांनी मला मिठी मारली. त्यांचे हात माझ्या पाठीवर पुरेनात. "ह्येला म्हणत्यात छाती!" ते ओरडले. कुणीतरी माझ्या पोटावर थाप मारली, "गड्या, ह्यो तर भाताच हाय लोहाराचा!"

आता मात्र मला राहवेना. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चढाला माझा दम सुटला हुता. फुडचं समदं धुळानं वाजवलंय."

सगळे हसत सुटले.

"ह्या धुळानं? शिंक आली तर उडंल की ह्यो!"

"बघा, एवढा मान, पण माज न्हाई पोराला."

मी धुळाचा दंड धरला. "सांग रं. खरं सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल.

"दादाचं आपलं कायतरीच," तो म्हणाला. "मी नुसता सूर धरून हुतो." आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, देवाच्या दारात तुजी लाज जाऊ दीन व्हय मी?" एवढी माया होती त्याच्या आवाजात की त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

बायकांच्या घोळक्यातून स्वप्नाली माझ्याकडे बघत होती. तिला काय सांगणार?

त्यानंतर ती भांडली, आबांनी अन्न सोडलं, भावकी मध्ये पडली. मीही नाही म्हणून पाहिलं. आबा म्हणाले, "ज्या खुराकानं पालखी वर आणली, त्येलाच नावं ठेवतोस व्हय रं?"

सोमवारी मेंढरांचं बघून घरी आलो, तर अमृत पळत पुढं आला. ओठांवर दुधाची मिशी.

"आप्पा, आबांनी बदामाचं दूध दिलं."

"समदं पिलास?"

"व्हय. आजून पायजे का म्हणून इचारलं."

"मग?"

"म्हणलं, द्या. मला तुमच्याएवढं व्हायचंय."