रुकैयाची खवणी आणि फुटलेला रस

हात जरा जपून. मला दात आहेत, आणि घरचं बोट कुठलं, पाहुण्याचं कुठलं, हे त्यांना कळत नाही. मी रुकैयाची खवणी. फणसाच्या लाकडाचा पाट, त्यावर पुढे आलेली लोखंडी मान आणि टोकाला सतरा दात. त्यातला एक वाकडा आहे. कानस चालवताना लोहाराला शिंक आली, त्याची ती निशाणी. "नारळाला काय कळतंय," असं म्हणून त्यानं मला तसंच देऊन टाकलं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मला विकत घेतलं जैतूनबीनं, म्हणजे रुकैयाच्या आईनं. रत्नागिरीजवळ खाडीकाठी त्यांचं घर, घरामागे चार माड. बाई तोंडाची फटकळ आणि हाताची गोड. एक पाय माझ्या पाटावर दाबून बसायची आणि खवता खवता सगळ्या मोहल्ल्याची खबरबात मला ऐकवायची. स्वयंपाकात तिचा एकच कायदा होता. नारळाचा रस आचेवर चढला की डाव थांबता कामा नये. डाव थांबला की उकळी येते, उकळी आली की रस फुटतो, तेल वेगळं आणि कण वेगळे. "रस फोडणाऱ्या बाईच्या हातचं मी पाणी नाही पिणार," असं ती लेकीला बजावायची. लेक मुकाट्यानं डाव हलवत राहायची.

अठ्ठावन्न साली रुकैया नवऱ्याकडे कतारला निघाली. तिचा नवरा फजल मेसईदच्या बंदरात, तेलाच्या मोठ्या बोटी ओढून आणणाऱ्या टगवर इंजिन फिटर होता. जैतूनबीजवळ द्यायला दागिने नव्हते. तिनं मला दिलं. "वर्षातून एकदा हिला कानस लावून घेत जा," एवढं म्हणून ती आत गेली, ती निरोपाला बाहेर आलीच नाही.

मुंबईहून बोटीनं आठ-दहा दिवस, कडेवर दोन वर्षांची अजरा, आणि गोधडीच्या वळकटीत मी. दोह्याच्या धक्क्यावर तपासणीच्या शिपायानं वळकटीत हात घातला आणि आमची ओळख झाली. तो अरबीत काय म्हणाला ते मला तेव्हा समजलं नाही. आता समजतं, पण सांगण्यासारखं नाही.

मेसईदला कंपनीच्या घरांच्या रांगा, समोर समुद्र आणि बाकी सगळी वाळू. पाऊस म्हणाल तर हिवाळ्यात चार थेंब. नारळ मलबारच्या गलबतांतून दोह्याला यायचे. शुक्रवारी कंपनीच्या बसनं जाऊन फजल घेऊन यायचा. पण जून लागला की तिकडे समुद्र खवळतो, गलबतं बंद, आणि नारळही बंद. तीन महिने मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. ज्या दिवसांत गावी सगळ्यात जास्त काम, त्याच दिवसांत इथे सक्तीची रजा. बरं नाही वाटायचं.

बासष्टच्या जूनमध्ये घरात तीन नारळ उरले होते. त्यातल्या एकाला रुकैया हात लावू देत नव्हती. आदल्या पावसात जैतूनबी वारली होती. तारेनं बातमी आली, जाणं शक्य नव्हतं. तिच्या पहिल्या वर्षाच्या फातिहेला, म्हणजे गेलेल्याच्या नावानं ताट मांडून दुआ मागतात तेव्हा, तिच्याच आवडीच्या, नारळाच्या रसातल्या शेवया मांडायच्या, हे रुकैयानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तो नारळ त्याच्यासाठी होता.

आणि त्याच महिन्यात सिप्रियानो आमच्या मागच्या दारी आला.

फजलच्या टगवरचा तो खानसामा. फिलिपाईन्सचा, चाळिशीचा, बुटका, हसरा. बोटींवर हिंदुस्थानी खलाशांबरोबर राहून हिंदी शिकलेला. फजलनं त्याला चहाला आणलं. पायरीवर बसून चहा पिता पिता त्याची नजर माझ्यावर गेली आणि कप तसाच राहिला. "भाभी, ये हमारे घर में भी था," तो म्हणाला. विचारून त्यानं मला पुढ्यात ओढलं आणि पाटावर अगदी बरोबर बसला. हाताची मूठही बरोबर. नारळ नव्हता, तरी हवेतच चारदा हात फिरवला. मी खूप माणसं पाहिलीत, पण मला बघून डोळे भरून आलेला हा पहिलाच.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या गावीही माडच माड. पाऊस लागला की बाप होडी काढायचा नाही, सगळे घरात कोंडलेले, आणि आई एक खाऊ करायची. तांदळाच्या पिठाच्या चपट्या वड्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. बुडालेली वडी तरंगून वर आली की शिजली. मग ती खोबऱ्यात आणि साखरेत घोळवायची. त्याला म्हणतात पालिताव. आणि वर काळे-तांबूस दाणे, कुरकुरीत, त्यांचा वास सगळ्या घरात भरलेला. सिप्री सहा वर्षांचा असताना आई गेली. चुलत्यानं त्याला मनिलाला नेलं, चौदाव्या वर्षी तो बोटीवर चढला. मनिलात पालिताव मिळायचं, पण वर नुसती साखर. ते दाणे त्याला पुन्हा कुठे भेटले नाहीत.

"माँ का चेहरा याद नहीं," तो म्हणाला. "वो दाना याद है. बस, तेवढंच आहे माझ्याकडे."

शेवटचं वाक्य त्यानं मराठीत म्हटलं. फजलकडून शिकला असेल. टग विकली गेली होती. फजलला बंदरातच दुसऱ्या टगवर घेतलं होतं, पण जुलैअखेर सिप्रीची बदली दूरच्या कुठल्या तरी मालबोटीवर होणार होती, जिथे ना नारळ, ना विचारायला कोणी माणूस.

रुकैयाला एवढं पुरे होतं. दुसऱ्याच शुक्रवारी तिनं पहिला नारळ फोडला. भाकरीला काढतो तशी पिठाची उकड काढली, वड्या थापल्या, पाण्यात सोडल्या. काही तळाला बसल्या त्या बसल्याच, काही नीट वर आल्या. दाणे म्हणजे तीळच असणार, म्हणून तिनं तीळ खमंग भाजून वर घातले. सिप्रीनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली. "अच्छा है भाभी. मगर ये नहीं."

दुसऱ्या नारळाला तिनं गूळ करपवून त्याचे खडे केले. तेही नाही. फजल म्हणाला, तळलेला कांदा घालून बघा.

"गोडावर कांदा?" रुकैया म्हणाली. "तुम्ही इंजिनच बघा."

पण सिप्री आशेपायी कांदाही चाखून बसला. त्याचं तोंड बघून अजरा इतकी हसली की तिला उचकी लागली. मलाही हसू आलं असतं, पण दोन नारळ संपले होते आणि माझ्या दातांना लागलेलं खोबरं रुकैया कण न् कण टिपून काढत होती.

तिनं तिसऱ्या नारळाकडे बघितलं, ते सिप्रीनं ओळखलं. "नहीं भाभी. वो अम्मी का है. खलास," असं म्हणून तो उठला आणि दारातल्या चपला पायात सरकवून निघाला. जाताना रिकामी ताटली धुऊन ठेवायची त्याची रीत होती. त्या दिवशी विसरला.

फातिहेचा दिवस उजाडला. सिप्रीची बोट दुसऱ्या दिवशी होती. सकाळीच रुकैयानं नारळ फोडला आणि मला पुढ्यात घेतलं. काळी साल एवढीशीही येऊ न देता तिनं इतकं हळू खवलं की मला वाटलं, हिला हा नारळ संपायलाच नकोय. रस पिळला, स्टोव्हवर चढवला, डाव हलवायला लागली.

आता माझा गुन्हा सांगते. काम झालं की रुकैया मला धुऊन, दात भिंतीकडे करून उभी ठेवायची. त्या दिवशी राहून गेलं. सहा वर्षांची अजरा आईच्या मागून धावत आली, घसरली आणि तिचा हात माझ्यावर पडला. वाकडा दात तिच्या तळव्यात गेला. रक्त, किंकाळी, सगळं एकदम. रुकैयानं डाव टाकला, पोरीला उचललं, मोरीत नेलं, हात धुतला, हळद दाबली, चिंधी बांधली, कडेवर घेऊन थोपटत राहिली. स्टोव्ह भरभरत होता. मी ओरडून सांगणार कशी? मी तिथेच, रक्त लागलेल्या दातांनी रस फुटताना बघत राहिले.

ती परत आली तेव्हा टोपात वर तेल तरंगत होतं आणि तळाला कण तांबूस होऊन चुरचुरत होते. तिनं स्टोव्ह बंद केला आणि जमिनीवर बसली. आईच्या पहिल्याच फातिहेला रस फुटला. घरात दुसरा नारळ नाही, दोह्याच्या बाजारात नाही, समुद्र बंद. "अम्मा, तुझ्यापुढे मी काय ठेवू गो," असं म्हणत ती रडली. आई गेल्याची तार आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

तेवढ्यात मागच्या दारात सिप्री उभा. निरोप घ्यायला आला होता. नाक वर करून टोपाचा वास ओढत राहिला. मग चपला न काढताच आत आला. हे त्यानं कधी केलं नव्हतं. टोपाशी वाकला, डावानं तळातले चार कण काढले, फुंकले, तोंडात टाकले. आणि रुकैयासमोर जमिनीवर बसला.

"भाभी, ये," तो म्हणाला. "ये."

रुकैयाला आधी कळेचना. तिनं पदरानं नाक पुसलं. "इसको तो हमारे में बिगड़ा हुआ बोलते हैं."

"मेरी माँ रोज बिगाड़ती थी," सिप्री म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला. चाळिशीचा माणूस, पण रडला सहा वर्षांच्या पोरासारखा, आवाज काढून. अजरा आपला बांधलेला हात विसरून त्याच्याकडे बघत राहिली.

शेवया पुन्हा डब्यात गेल्या. रुकैयानं उकड काढली. रस पिळून उरलेला खोबऱ्याचा चोथा साखरेत कालवला. सिप्री वड्या थापत होता, ती सोडत होती. वर ते तांबूस कण भुरभुरले. फजल कामावरून आला तोवर ताट तयार होतं, आणि शेवयांऐवजी हे काय, हे त्याला समजावता समजावता दोघंही एकदम बोलत होते.

लोबान लावलं. फजल डोक्यावर रुमाल बांधून ताटासमोर बसला. सिप्री दारापाशी, हात जोडून. फजलनं कुराणातल्या सुरा पढल्या आणि त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, पोचवायला जैतूनबीचं नाव घेणार, तर रुकैया हळूच म्हणाली, "अवो, त्याच्या अम्माचं पण नाव घ्या."

फजल थांबला. "त्या आपल्यातल्या नव्हत्या, रुकैया."

"ताट त्यांच्या रीतीचं मांडलंय," ती म्हणाली. "ज्यांच्या खाऊचा माग काढत इथवर आलो, त्यांनाच दाराबाहेर ठेवायचं? माझ्या अम्मानं तसलं केलं नसतं."

हे खरं होतं. जैतूनबीला मी ओळखते. फजलनं थोडा विचार केला, मान हलवली आणि सिप्रीला विचारलं, "माँ का नाम?"

सिप्रीनं तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. सहा वर्षांचं पोर, आईला नावानं कशाला हाक मारेल? पुढे कोणी सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. मग म्हणाला, "नानाय." त्यांच्याकडे आईला नानाय म्हणतात. मारायची हाक तेवढी त्याला माहीत होती.

फजलनं एवढंही विचारलं नाही की हे कसलं नाव. डोळे मिटून त्यानं दोन्ही नावं घेतली, आधी जैतून, मग नानाय, आणि सगळ्यांनी आमीन म्हटलं. सिप्रीही म्हणाला. मग त्यानं नऊ वड्या खाल्ल्या. मी मोजल्या.

तो गेला त्याला आता सात वर्षं झाली. आम्ही दोह्याला नजमा भागात आलो. इथे उभ्यानं स्वयंपाकाचा ओटा आहे, पाकिटात खोबऱ्याचा कीस मिळतो, आणि मी ओट्याखाली केरसुणीच्या शेजारी असते. अजराला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. तिच्या तळव्यावर माझी खूण आहे, आणि त्याची मला अजून शरम वाटते. पण वर्षातून एक दिवस रुकैया मला बाहेर काढते, धुते, गुडघे दुखत असले तरी खाली बसते. रस चढवते आणि मुद्दाम डाव बाजूला ठेवून देते.

मला फार काही नको. एकदा कोणी कानस लावून दिली तर बरं, दात बोथट झालेत. आणि एक निरोप आहे. तुमच्यापैकी कोणी बंदरांवरून फिरणारं असेल आणि कुठल्या बोटीच्या भटारखान्यात सिप्रियानो नावाचा बुटका, हसरा माणूस भेटला, तर त्याला सांगा, तुझ्या आईची फातिहा एकाही वर्षी चुकलेली नाही. तिचं खरं नाव कुठून कळलं तर कळव म्हणावं. नाही कळलं तरी राहू दे. या घरात तिला सगळे नानायच म्हणतात.