म्हशी बुजू नयेत म्हणून

दौंडजवळच्या दूध पावडरच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा प्रांजल शिरूरच्या वर्कशॉपमध्ये आप्पांची रिकामी खुर्ची उन्हातून आत सरकवत होती. कारखान्यात पावडरला गुठळ्या धरत होत्या. पिशव्या भरणारी यंत्रं दाबलेल्या हवेवर चालतात, आणि त्या हवेत पाणी येत होतं.

"मॅडम, खरं सांगू का, हवा सुकवणारा ड्रायरच लहान पडलाय," मॅनेजर सत्यजीत म्हणाला. "पुण्याची एक पार्टी बघून गेली. हा काढा आणि दुप्पट मोठा बसवा म्हणतात. तुम्ही एकदा येऊन जा, म्हणजे साहेबांना सांगायला बरं."

आप्पांनी निवडून दिलेला तो शेवटचा ड्रायर होता.

आप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, सोपानरावांचा सगळा जन्म हवा कोरडी करण्यात गेला. दोन उभ्या टाक्या, आत पांढरे दाणे. एक टाकी हवेतलं पाणी शोषते तेव्हा दुसरी विसावा घेते; थोडी कोरडी हवा तिच्यातून उलटी फिरते आणि दाण्यांतलं पाणी घेऊन बाहेर पडते. मग पाळी बदलते. लहानपणी आप्पा प्रांजलच्या तळहातावर चार दाणे ठेवत आणि वर पाण्याचे थेंब टाकत. दाणे चटकन ऊन होत. ती एखादा जिभेला लावी, तो चिकटून बसे, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडे. एकदा आप्पांनी दाण्यांची पुरचुंडी कुरडयांच्या डब्यात टाकली. कुरडया पावसाळाभर कडक राहिल्या, पण आईनं त्या डब्याला पुन्हा हात लावला नाही.

ड्रायर निवडायची त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकानं कॅटलॉग पुढे केला की तो मिटून ते म्हणत, "आधी मला तुमची कॉम्प्रेसरची खोली दाखवा. आणि तीही मे महिन्यात, भर दुपारी." पत्र्याखाली हवा जितकी तापलेली, तितकं ती पाणी जास्त आणते. कॅटलॉगमधला आकडा थंड खोलीतला असतो.

पण शेवटच्या वर्षी ते विसरायला लागले होते. किल्ल्या, पाहुण्यांची नावं, एकदा तर घराचं वळण. दौंडला गेले की परतायला फार उशीर करत, आणि आई दारात उभी राही. हा ड्रायर त्याच दिवसांतला. तो खरंच लहान निघाला, तर ज्या माणसाच्या हाताखाली ती हे काम शिकली, त्याच्या शेवटच्या कामावर तिलाच काट मारावी लागणार होती.

मांडवगण फराट्यावरून जाताना उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळली. तेवढ्यात तिनं सगळा हिशेब मनात पुन्हा मांडला. हवा किती, दाब किती, मे महिन्याची दुपार. उत्तर आप्पांच्या बाजूनं आलं. पण आपलं मनही त्यांच्याच बाजूचं, म्हणून तिला त्या उत्तराचा भरवसा वाटेना.

कारखान्यात सत्यजीतनं मीटर दाखवला. हवेतला ओलावा त्यावर कळतो. आकडा शून्याच्या बराच खाली हवा, इथं तो वर चढला होता. प्रांजल टाक्यांपाशी नुसती उभी राहिली. पाळी बदलली, झडप खट्‌कन वाजली. त्यानंतर मोठा फुस्स आवाज यायला हवा होता. तो आलाच नाही. विसाव्यातल्या टाकीच्या दाबाचा काटा शून्यावर न येता मध्येच अडकला होता.

"हिला हवा सोडता येत नाहीये," ती म्हणाली. "बाहेरचं तोंड कुठंय?"

"मागं, सोजराबाईंच्या गोठ्याकडं. तिकडं कोण जातंय, मॅडम!"

ती वळसा घालून मागं गेली. पाइपच्या तोंडाशी, आवाज मरावा म्हणून बसवलेल्या डब्यावर, कुणीतरी गोणपाट गुंडाळून काथ्यानं आवळलं होतं. दाण्यांची पांढरी भुकटी आणि ओल त्यात बसून प्लास्टरसारखी घट्ट झाली होती.

"हात लावू नगो त्याला!" कुंपणाच्या आडून आवाज आला. हातात बादली घेतलेली सोजराबाई पुढे झाली. "धारंची येळ हाय. ते फुस्कारलं की आमची चांदी लाथ घालती. दुधाची बादली उलथी केल्ती तिनं."

"मावशी, हे बांधलं कुणी?"

"शिरूरच्या सोपानरावांनी. मी भांडाय गेले, तर म्हनले, तुमचं खरं हाय, तोंड इकडं काढलं ही माजी चूक. गोणपाट बांधलं आन् म्हनले, आठ दिसांत पाइप फिरवून देतो. बोलायला लई ग्वाड मानूस! पर त्ये आलंच न्हाईत. लबाड निघालं."

"ते वारले, मावशी. मी त्यांची मुलगी."

सोजराबाईनं बादली खाली ठेवली. "अगं बया," ती म्हणाली. "आन् मी त्यास्नी लबाड म्हनले." मग गोठ्यातल्या बाजेकडं हात करून म्हणाली, "हितं काम चाललं तवा रोज धार हुईस्तवर मशीन बंद ठिवायचं, आन् त्या बाजंवर बसायचं. साऱ्या म्हशींची नावं पाठ त्यास्नी. मी चुकायची, ते न्हाई."

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात आप्पा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते. "पाइप फिरवायचाय. म्हशी बुजतात." आईनं तोंड फिरवलं होतं. आणि प्रांजलनं, लहान मुलाची समजूत घालावी तसं, "हो आप्पा, फिरवू," म्हटलं होतं.

धार होईपर्यंत ती बाजेवर बसून राहिली. मग तिनं गोणपाट कापून काढलं.

"हा उद्योग त्या म्हातारीचा ना?" सत्यजीतनं विचारलं.

"नाही. आमच्या आप्पांचा."

"म्हणजे चूक तुमचीच."

"हो. तोंड चुकीच्या बाजूला काढलं, आणि गोणपाट काढायचं राहिलं. ड्रायर मात्र चुकलेला नाही."

"हे साहेबांना कसं सांगू मी?"

"घडलं तसं सांगा. म्हशी बुजत होत्या."

सत्यजीतला हसू आवरेना. "बरं. पण आकडा उतरला नाही, तर पुण्याची पार्टी येणार. मग मला बोल लावायचा नाही."

"नाही लावणार."

दुसऱ्या दिवशी ती जाड पाइप आणि वेल्डर घेऊन आली. पाइप पत्र्यावरून नेऊन तोंड उसाकडं काढलं आणि त्यावर मोठा डबा बसवला. संध्याकाळी, मुद्दाम धारेच्या वेळी, मशीन सुरू केलं. झडप वाजली, पाठोपाठ उसावर लांब फुस्कारा गेला, आणि टाकीचा काटा सरळ शून्यावर येऊन टेकला.

पण मीटरचा आकडा हलेना. भिजलेले दाणे एका पाळीत सुकत नाहीत. सत्यजीत दोनदा डोकावून गेला. प्रांजल स्टुलावर बसून ऐकत राहिली, एक टाकी, मग दुसरी. बऱ्याच वेळानं आकडा एका घरानं खाली आला, आणि थोड्या वेळानं आणखी एका घरानं.

"चांदी हलली न्हाई गं!" मागून सोजराबाईची हाक आली. "सुकली का तुजी हवा?"

"सुकतीय, मावशी," प्रांजल ओरडली. "जरा वेळ लागतो."