पंधरा मिनिटांची पाटी

मी पाटी बोलतेय. शिंप्याच्या दुकानाच्या दारावर लटकणारी, वीतभर लांबीची, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची. अक्षरं तीनच: विश्रांती. पण या तीन अक्षरांनी माझ्या नाकी नऊ आणले आहेत.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या फळीतून झाला. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू मला रंगाऱ्याकडे घेऊन गेल्या.

"काय लिहू? मध्यंतर?" रंगाऱ्याने विचारलं.

"अहो, नाटक आहे का ते?"

"मग मधली सुट्टी?"

"शाळेतली पोरं येऊन बसतील पायरीवर."

"विराम? नाहीतर उसंत लिहितो."

"उसंत असती तर तुमच्याकडे कशाला आले असते!" काकू हसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. आता उजव्या डोळ्यातला दाब वाढला होता. दिवसातून तीनदा औषधाचे थेंब घालून पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायचं, नाहीतर हाही डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "साधं विश्रांती लिहा," काकू म्हणाल्या. "मोठ्या अक्षरांत. मला समोरच्या माडीवरून दिसलं पाहिजे."

घर समोरच, रस्त्यापलीकडे. मी दारावर लागले की काकूंचा जीव भांड्यात पडायचा. कोणी कडी वाजवायला लागलं की त्या वरूनच ओरडायच्या, "वाचता येतं ना? थांबा जरा!" माणसांचंही काय सांगावं! मला नीट वाचायची आणि तरी म्हणायची, "एकच मिनिट काम होतं हो."

पहिले दोन दिवस मास्तर खरंच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की मी लागले की दुकानात कशी शांतता असते. माप द्यायला कोणी येत नाही, "झालं का, झालं का" म्हणून कोणी डोकं खात नाही. झालं! औषध घालायचे ते असं घाईघाईत की निम्मं गालावरून ओघळायचं. लगेच पडदा ओढून काम सुरू. मशीनचा आवाज माडीपर्यंत जातो, म्हणून शहाण्याने हातशिलाई आणि कापड कापणं त्या वेळेसाठी राखून ठेवलं. काजं, तुरपाई, म्हणजे डोळ्याला सगळ्यात वाईट ते!

माझा नुसता संताप व्हायचा. त्यांच्या कामावर पांघरूण घालायला मी, आणि काकूंना फसवायलाही मीच. ओरडून सांगावं तर मला तोंड नाही. वाऱ्याने हलून दारावर आपटायचे, तर मास्तरांनी मागे कापडाची चिंधी चिकटवून माझा तेवढा आवाजही बंद केला.

मग एके दिवशी एक गिऱ्हाईक कोट घालून बघायला आलं. कोट अंगावर चढेना. त्याने कोटाचे पुढचे दोन्ही पल्ले समोर धरले. "मास्तर, हे दोन्ही डावेच आहेत की!"

कापड उलटं करून दुसरा पल्ला कापायचा असतो. तीस वर्षांत मास्तर ते कधी चुकले नव्हते. काकू जेवणाचा डबा घेऊन तेव्हाच आत आल्या होत्या.

"कधी कापलंत हे?" त्यांनी विचारलं.

"दुपारी. विश्रांतीत," मास्तर बोलून गेले.

काकूंनी डबा टेबलावर ठेवला. "मग मी इतके दिवस खिडकीत बसून काय राखत होते?" एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी दोघं डॉक्टरांकडे गेली. पण तोवर फार उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. उरली होती तीही चार महिन्यांत गेली. आता मास्तर माडीवर बसून असतात. मोकळा वेळ हवा तेवढा आहे आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. बोटं आपोआप एकमेकांवर फिरत राहतात, कापडाचा पोत बघितल्यासारखी.

मी मात्र दारावर तशीच आहे. आठ महिने झाले. उन्हाने माझा निळा रंग उडालाय. परवा तोच रंगारी येऊन म्हणाला, "काकू, ही काढतो. दुकान बंद असं लिहून देतो, पैसे नकोत."

"नको," काकू म्हणाल्या. "विश्रांतीच राहू दे. ते रोज मला विचारतात, पाटी आहे ना अजून? मी हो म्हणते. मग ते जेवतात."

वाचणाऱ्यांनो, तुमच्या दारावर माझी एखादी बहीण असेल तर तिच्यासाठी एवढं करा: ती लावलीत की खरंच डोळे मिटा. मला फक्त पंधरा मिनिटांसाठी बनवलं होतं हो. आता मला कोणी काढूही शकत नाही.