लोकरीची लड आणि व्याह्यांचा फोन

आमगावच्या पुरनलालला बायकोच्या लोकरकामात एकच हुद्दा होता, तो खुंटीचा. दुलारीबाई पळसाच्या फुलांत लोकर रंगवायच्या, ती वाळली की लड त्याच्या दोन्ही हातांत अडकवायच्या आणि समोर बसून गुंडा करायच्या. आजची लोकर होणाऱ्या विहीणबाईंच्या शालीची होती. मुलीला, म्हणजे रविताला, पाहून गेलेले सडक अर्जुनीचे पाहुणे आज फोनवर हो की नाही ते कळवणार होते.

अर्धी लड झाली आणि अंगणातल्या चुलीवर रंगाचं पाणी उतू गेलं. "हात हालवू नका जी, गुंता होते," असं बजावून दुलारीबाई पळाल्या. नेमका तेव्हाच स्टुलावरचा फोन वाजला. नाव व्याह्यांचं.

पुरनलालने हाक मारली. "आली, आली," एवढंच अंगणातून ऐकू आलं. मागच्या गुंत्यानंतर घरात दोन दिवस बिनफोडणीचं वरण शिजलं होतं. म्हणून हात तसेच ठेवून तो वाकला आणि नाकाने हिरवं बटण सरकवायला गेला. नाक खानदानी, ऐसपैस. ते लाल बटणावर पडलं.

"कोनाचा फोन होता जी?" दुलारीबाई परत येऊन बसल्या.

"व्याह्यांचा. कटला."

"काऊन कटला?"

"नाकानं."

दुलारीबाईंनी त्या नाकाकडे नीट पाहून घेतलं.

"आपन लावू का?" त्याने विचारलं.

"पोरीवाल्यांनं कायले उतावळं दिसाचं? करतीन तेच. हात वर धरा."

पुरनलालने हात वर धरले. गुंडा वाढत गेला, फोन गप्पच राहिला, आणि त्याला साधं डोकं खाजवायचीही सोय नव्हती.