मागच्या बाजूच्या खुणा

मी एक खांब आहे. रादुलेच्या स्वयंपाकघरातून कोठीत जायचं जे दार आहे ना, त्याच्या चौकटीचा डावा खांब. बोलतोय खरा, पण मधेच डोळा लागला तर सांभाळून घ्या. लाकूड कधी पुरतं जागं नसतं. पूर्वी मी डोंगरावरचा ओक होतो, आणि अजूनही माझ्या गुंगीत धुकं उतरतं, पानं सळसळतात.

ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी आमच्या अंगातलं वर्तुळ बारीक पडतं. कुणाला दिसत नाही, पण आत ते असतंच. माणसांचंही तसंच असावं, असं मला उभ्या उभ्या वाटायचं.

या डोंगराळ मुलखातली माणसं आडदांड उंच. रादुले माझ्या शेजारून दारातून जाताना मान वाकवतो, त्याची बायको सेन्काही फार मागे नाही. मे महिन्यात जुर्जेव्दानचा सण आला की सकाळी रानफुलं टाकलेल्या पाण्याने पोरांची डोकी धुवायची आणि ओल्या केसांनी माझ्यापाशी उभं करायचं. डोक्यावर पुस्तक आडवं, त्याखाली पेन्सिलीची रेघ. वर्षातून एकदाच. अधेमधे मोजलं तर वाढ अडते, अशी सेन्काची पक्की समजूत. निजलेल्या पोराला कुणी ओलांडलं तर ती त्याला उलट पावली परत ओलांडायला लावायची.

थोरला ब्लाझो चौदाव्या वर्षी वाढायला लागला आणि सुटलाच. दुपारपर्यंत लोळायचा, उठला की भांडंभर दूध प्यायचा. एका जुर्जेव्दानपासून दुसऱ्यापर्यंत अकरा सेंटिमीटर! पेन्सिल धरायला रादुलेने हात उंचावला तेव्हा त्याची छाती कशी फुगली होती, ते मी अगदी जवळून पाहिलंय.

धाकटी यगोदा मात्र दहाव्या वर्षानंतर थबकली. एकशे सदतीस, आणि पुढे जवळजवळ काहीच नाही. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं टम्म. वर्गातल्या मुली बघता बघता बायका दिसू लागल्या आणि ही त्यांच्या काखेखालून निघून जायची.

"अगं, उभी आहेस की बसलीस?" ब्लाझो चिडवायचा.

"बसलेय. उभी राहिले तर तुझी पंचाईत होईल," ती फाडकन म्हणायची. पण रात्री ताटातलं तसंच ठेवून उठायची.

सेन्काने मग खाऊ घालण्याचा सपाटाच लावला. गव्हाच्या पिठाचे गोळे तळायचे, वर मध ओतायचा. "खा बाई, खाल्लंस तरच वाढशील!" ताजा पाव, जाड कापलेला, सकाळ-संध्याकाळ. जीव ओतून करायची ती. मला आता आठवलं की चरचरतं.

अकराव्या वर्षीच्या सणाला यगोदा माझ्यापाशी टाच दाबून, श्वास रोखून उभी राहिली. रादुलेने खाली तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातलं पुस्तक हळूच तिरकं झालं. रेघ पाच सेंटिमीटर वर गेली.

"शाब्बास! वाढलीस की गं!"

यगोदा हसली. पुढच्या वर्षी परत तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही. येता-जाता त्या रेघा बघून बघून रादुलेला स्वतःलाच त्या खऱ्या वाटू लागल्या. हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. स्वतःच्या हाताने केलेली लबाडी माणूस इतक्या भाबडेपणाने कशी विसरतो?

तेरा सरलं, चौदावं लागलं आणि यगोदा शाळेत चक्कर येऊन पडली. निकशिच शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मागच्या वर्षांची मोजमापं आहेत का? वाढ कधीपासून अडली ते कळायला हवं." शाळेचे कागद नळ फुटून भिजले होते.

"आहेत! घरी आहेत!" रादुले म्हणाला, आणि घरी येऊन त्याने पहार घेतली. मला चौकटीतून उपटलं, गाडीच्या टपावर बांधलं. कितीतरी वर्षांनी मी आभाळाखाली आडवा होतो. वाटेत झाडं होती, ती मला ओळखत नव्हती.

"अहो रादुले, मी कागद मागितला होता. तुम्ही घर काय उचलून आणलंत?" डॉक्टरीणबाई हसल्या. मला भिंतीशी उभा करून त्यांनी टेप लावली. यगोदाची शेवटची रेघ एकशे बावन्न. मग यगोदाला उभं केलं. एकशे चाळीस.

त्यांनी दोनदा मोजलं. "पोरी, तू काय आक्रसलीस?"

रादुलेचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा मोठा माणूस, खुर्चीत मावत नव्हता, आणि आवाज मात्र लहान मुलाचा. "मीच... पुस्तक तिरकं धरलं. तिचं तोंड बघवेना मला. नेमकं किती वाढली कुठल्या वर्षी, आता मलाच माहीत नाही."

तेव्हा यगोदा उठली. तिने मला दोन्ही हातांनी धरून फिरवलं. माझी कोठीकडची बाजू, जिथे कांद्याच्या माळा लटकायच्या. तिथे जेवणाच्या काट्याच्या टोकाने ओरखडलेल्या तीन बारीक खुणा होत्या. दर सणाला, सगळे जेवून पांगले की ती एकटी येऊन डोक्यावर तळहात ठेवून करायची.

"या खऱ्या आहेत," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?" रादुलेने विचारलं.

"पहिल्या वर्षापासून. तुला एवढा आनंद व्हायचा, बाबा. कशी सांगणार?"

डॉक्टरीणबाईंनी तीन खुणा मोजल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. तीन वर्षांत तीन सेंटिमीटर. रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. गव्हातलं काहीतरी तिच्या आतड्याला सोसत नव्हतं. पोट भरत होतं, अंगाला काही लागत नव्हतं. सेन्का दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिने गव्हाचं पीठ शेजारी देऊन टाकलं आणि मक्याचं पीठ शिजवायला घेतलं.

मला परत बसवलं. रादुले रंधा घेऊन आला, खोट्या रेघा तासून टाकायला. यगोदाने त्याचा हात धरला. "राहू दे. मी येते तिथपर्यंत."

सोळाव्या वर्षीच्या जुर्जेव्दानला ती ओल्या केसांनी माझ्याशी टेकली आणि हाक मारली, "बाबा, पुस्तक आण. सरळ धर हं." त्याने सरळ धरलं. एकशे बावन्न. रेघेवर रेघ. रादुलेला डोळ्यांतल्या पाण्याने दिसेना, शेवटी पेन्सिल सेन्कानेच ओढली.

पुढे ती एकशे सदुसष्टवर थांबली. या घरात ठेंगणीच, पण आता ताठ चालते. मी म्हातारा झालोय, झोप वाढलीये. आता पुन्हा डोळा लागायच्या आत एक सांगतो. तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा खांब असेल आणि त्यावरच्या खुणा बघून तुम्हाला फार बरं वाटत असेल, तर एकदा त्याची मागची बाजूही बघून घ्या.