तारीख ठरेपर्यंत

सभेत पाण्याचे पेले ठेवताना माझं लक्ष गेलं. लेखनिक बाईने डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली होती. उजवा हात लिहीतच होता.

"कळा सुरू झाल्या का गं?" मी वाकून विचारलं.

"ठराव होऊ द्या, मावशी. मी उठले तर सभा मोडेल."

खरंच होतं ते. नेमलेल्या लेखनिकानेच सभा लिहायची, ती उठली की सभा तहकूब, असा आमच्या नगर कार्यालयाचा नियम. पुढची सभा थेट महिन्याने. आणि आजचा ठराव होता बाळ झाल्यावर मिळणाऱ्या भरपगारी रजेचा, आईला आणि बापालाही. ठराव लागू झाल्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठीच. पहिल्या मुलीच्या वेळी बिनपगारी रजा परवडेना, म्हणून ही पोरगी टाके सुकायच्या आत कामावर आली होती. दुधाने कपडे भिजायचे, तर छातीशी फाइल धरून फिरायची. ते आठवलं की माझं आजही डोकं फिरतं.

ठरावाला तसा कुणाचा विरोध नव्हता. गाडं अडलं होतं तारखेवर. ज्यांना आम्ही पाठीमागे 'काटकसर' म्हणतो, त्या सदस्यांनी चष्मा पुसत दुरुस्ती मांडली, "रजा द्यायला ना नाही. पण पुढच्या वर्षापासून द्या. तिजोरीला जरा दम खाऊ द्या."

वरातीमागून घोडं! माझ्या हातातला जग हिंदकळला.

"ठीक आहे," अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले. "दुरुस्ती सर्वानुमते मंजूर, असं लिहा."

पेन थांबलं. पोरीने ओठ दाताखाली दाबला, कळ जाऊ दिली आणि मान वर केली. "तसं लिहिता येत नाही, साहेब. दुरुस्तीवर प्रत्येकाचं मत विचारावं लागतं."

"अहो, इतक्याशा गोष्टीला?"

"नियम आहे, साहेब."

आणि ती एकेकाला विचारू लागली. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पडली तर धरायला कुणी तरी हवं होतं.

बांधकामवाले सदस्य टेबलाकडे बघत म्हणाले, "हो." निवृत्त शिक्षिका ठामपणे म्हणाल्या, "नाही. आजपासूनच." कायम पेंगणारे सदस्य दचकून जागे झाले, आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. तिला पुन्हा कळ आली. माझं रिकामं मनगट तिने असं दाबलं की मी ओरडलेच असते.

"नाही," ते म्हणाले. "माझं मत 'नाही' असं लिहा."

"तुमचं, साहेब?"

काटकसर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "माझीच दुरुस्ती आहे. हो."

दोन आणि दोन. आता फक्त अध्यक्ष. ते काही बोलणार, एवढ्यात तिच्या खुर्चीखाली पाणी सांडल्याचा आवाज झाला. जग तर माझ्या हातातच होता. अध्यक्षांनी जमिनीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अध्यक्षांचं मत?" तिने विचारलं. आवाज कापत होता, पेन नाही.

"नाही. दुरुस्ती नामंजूर, ठराव मंजूर. आजपासून लागू करा. आणि अहो, कुणी गाडी बोलवा!"

तिने ओळ पूर्ण केली, सही केली आणि मगच माझ्या गळ्यात हात टाकला. शिक्षिकाबाईंनी दुसरी बाजू सावरली.

दारात काटकसर आडवे आले. कावरेबावरे झाले होते. "मावशी, आम्हाला सांगायचं तरी होतं हो आधी."

"नऊ महिने तुमच्यासमोर बसून लिहीत होती ती," मी म्हणाले. "सरका बाजूला."