वरातीतला सॅक्सोफोन मास्टरक्लासला गेला

मित्रांनो, मला आधी जरा टेकू द्या, मग सांगतो. मी एक जुना सॅक्सोफोन आहे. पितळेचा, वाकड्या मानेचा, आणि खरं सांगायचं तर अंगात त्राण न उरलेला.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी थेट कोपरखैरण्याला आलो, सदूमामांच्या बँडमध्ये. सदूमामा मूळचे जालन्याकडचे. एरवी तुर्भ्याच्या कारखान्यात राबायचे आणि लग्नसराईत मला गळ्यात अडकवायचे. नावड्याची हळद, कामोठ्याची वरात, जयंतीची मिरवणूक, कुठे म्हणून मी वाजलो नाही! बायाबापड्या नाचता नाचता माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि मीही तेव्हा चांगलाच शेफारलो होतो.

आमच्या बँडचा कायदा एकच. वरात दारात पोचेपर्यंत सुराच्या वाद्याने थांबायचं नाही. ढोलवाला हात झटकू शकतो, ताशेवाला पाणी पिऊ शकतो. पण मी गप्प झालो की नाचणारे पांगतात आणि नवरदेवाचे काका अंगावर धावून येतात. म्हणून सदूमामा गाल फुगवून, नाकाने श्वास ओढून वाजवतच राहायचे. माझ्या भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या ओलीने कुजत गेल्या. कोणी पुसल्या नाहीत. पुसायला थांबावं लागतं ना!

पुढे डीजे आला आणि आमचा बँड बसला. सदूमामांना दम्याने गाठलं. मी माळ्यावर पडलो, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. पण मामांची भाची अस्मिता कॉलेजला जायला लागली आणि एके दिवशी तिने मला खाली ओढलं. झालं, पुन्हा संसार सुरू! मामा खाटेवर बसून बोटं दाखवायचे आणि ती वाजवायची. एका सैल किल्लीला तिने रबरबँड लावला. पोरीचा सूर गोड होता, पण कायदा मामांचाच. ती थांबली की मामा ओरडायचे, "का थांबली? अजून दार नाय आलं!"

मग वाशीला मास्टरक्लास ठरला. मास्टरक्लास म्हणजे काय, तर मोठा कलाकार येतो, एकेकाला वाजवायला लावतो आणि सगळ्यांच्या देखत चुका काढतो. हे कलाकार म्हणजे जॅझ वाजवणारे अभय सर. वाजवणाऱ्यांतल्या एकाला ते आपल्या रविवारच्या गटात घेणार होते. अस्मिताला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की आदल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मामांनी तर आधीच अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

हॉलमध्ये एसीने माझं पितळ गारठलं. अस्मिताच्या जोडीला यशराज नावाचा मुलगा होता. त्याचा सॅक्सोफोन इतका नवा, की माझ्याकडे बघायलाही लाजत होता. सर म्हणाले, "आपल्याकडच्या सवाल-जबाबासारखं करायचं. चार आवर्तनं अस्मिता, मग चार यशराज. एक वाजवतो तेव्हा दुसरा ऐकतो."

अस्मिताने काय वाजवलं म्हणून सांगू! मागच्या रांगेतली पोरं माना डोलवू लागली. चार आवर्तनं संपली. यशराजने वाद्य ओठाला लावलं. आणि आमची बाई थांबेचना! पाचवं गेलं, सहावं गेलं. यशराजने बिचाऱ्याने वाद्य खाली घेतलं. सरांनी हात वर केला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. जित्याची खोड ती, जाते थोडीच!

"तुला थांबायला काय होतं?" सरांनी विचारलं.

"सर, वरातीत थांबलं की लोक शिव्या देतात."

हॉल हसला. सर हसले नाहीत. "इथे वरात नाहीये गं. समोरचा काय म्हणतोय ते ऐकायचं असतं. तू ऐकतच नाहीयेस." तिसऱ्या खेपेला ती थांबली, पण यशराजचा एकही सूर तिच्या कानात शिरला नाही. जागा यशराजला मिळाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन माझ्यावर पडलं, तेवढंच काय ते आमचं बक्षीस.

संध्याकाळी घरी पोचलो. मामा दारातच. "काय झालं?"

"नाय घेतलं."

"का? सूर लागला नाय?"

"लागला. पण मी थांबतच नाय, म्हणाले सर. दुसऱ्याला वाजवू देत नाय."

मला वाटलं, आता मामा सरांचा उद्धार करणार. पण ते खाटेवर बसले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. म्हणाले, "आमाला कुनी सांगितलंच नाय गं, की थांबलं तरी चालतं." मग म्हणाले, "वाजव. थांबायचं तिथं थांब. मी ओरडणार नाय."

अस्मिताने चार आवर्तनं वाजवली आणि थांबली. खोलीत आता एकच आवाज होता, मामांच्या छातीतल्या घरघरीचा. माझ्या आवाजाखाली तो तिने आजवर कधी ऐकलाच नव्हता. तिने ऐकला. मामांचा श्वास शांत होईपर्यंत ती ऐकत राहिली, आणि मगच तिने मला पुन्हा ओठाला लावलं.

मित्रांनो, माझं फारसं मागणं नाही. वाजवून झालं की मला पुसा, कोरडं ठेवा. आणि तुमच्याही घरात कोणीतरी तुमच्यासाठी न थांबता वाजत असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, बस झालं, आता जरा दम घे. अशी माणसं स्वतःहून थांबत नाहीत.